एक बैल जास्त झाला

आमच्या आत्यानं उभ्या आयुष्यात कुणाला माफ केलं नाही, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. देवळात कीर्तनकार क्षमेवर बोलू लागला की ती पदर सावरून उठायची. "हे काय माज्या कामाचं न्हाई," म्हणायची आणि घरी येऊन भाकरी थापायची. नवरा लष्करात जमादार होता, तो लढाईत गेला, आणि आत्या माहेरी परत आली, पाटणच्या वर डोंगरात असलेल्या आमच्या वाडीत. सगळे तिला जमादारीण म्हणत. घरात हुकूम तिचाच चाले. माझे वडील तिच्याहून धाकटे, त्यामुळे त्यांनाही सुटका नव्हती.

एकदा फाट्यावर तिनं हात केला, तरी एसटी थांबली नाही. पुढे त्याच कंडक्टरची गाडी आमच्या विहिरीजवळ बंद पडली. आत्यानं कळशी काढली, गाडीतल्या प्रत्येकाला ओंजळीनं पाणी पाजलं, लहान पोरांना गूळ दिला. कंडक्टरनं ओंजळ पुढे केली तेव्हा उरलेलं पाणी तुळशीला घातलं. "मी हात केला तवा तुला दिसला न्हाई. आज तुजा मला दिसंना," म्हणाली.

आम्हा पोरांना ती फार आवडायची, कारण आमचा सूडही तीच घ्यायची. शेजारच्या कोंबड्यानं माझ्या बहिणीच्या पायाला टोच मारली. आत्यानं तो कोंबडा विकत घेतला, कापला, तंगडी बहिणीच्या ताटात वाढली आणि वाटीभर रस्सा मालकिणीकडे पाठवला. हे सगळं न रागावता. राग तिला येतच नसे. तिला हिशेब पुरा करायचा असे, आणि तोही जेवढ्यास तेवढा. "वर चिमूटभर घेतलं तर ते पाप," असं ती म्हणायची. या एका वाक्यावर तिची सगळी नीती उभी होती.

आमच्या डोंगरात वणव्याची एक रीत होती. ज्याचं गवत पेटलं त्या घरच्या माणसानं स्वतः दारोदार जाऊन हाळी द्यायची. हाळी मिळाली की घरटी एक माणूस हिरवे डहाळे घेऊन आग झोडपायला धावायचा, मग आपसांत कोर्टकज्जा का चालू असेना. हाळीशिवाय दुसऱ्याच्या रानात कुणी जात नसे, गवत चोरायला आला असा बोल लागे. हाळी मिळूनही जो आला नाही, तो मात्र वैरी.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचा डोंगर पेटला. मी तेव्हा वीस वर्षांचा, सांगलीला कॉलेजात, सुट्टीला घरी आलेला. खिंडीपलीकडे नानांचं घर होतं. त्यांच्याकडे कामाचे पाच गडी, पण तिथून आमची बाजू दिसत नसे. त्यांना हाळी द्यायला आत्यानं मला पाठवलं. मी खिंडीपर्यंत गेलो आणि थांबलो. आठवड्यापूर्वीच जत्रेच्या कुस्तीत नानांच्या शंकरनं मला सगळ्या गावासमोर चितपट केलं होतं, आणि वर हात धरून उठवलं होतं. त्याच्या दारात जाऊन मदत मागणं माझ्यानं होईना. मी तिथंच एका दगडावर बसलो, परत आलो आणि म्हणालो, "सांगितलं. येत न्हाई म्हणाले."

त्या संध्याकाळी रानातल्या गोठ्यात आत्याची गाभण म्हैस जळून मेली. आत्या रडली नाही. एवढंच म्हणाली, "डोंगूर कुठं जातोय? उन्हाळा कुठं जातोय?"

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. काका विट्याच्या लोकांबरोबर लांब मुलखात सोनं गाळायच्या दुकानात होते. ते सहकुटुंब आले होते आणि त्यांच्या मुलाचं जावळ होतं. आंब्याखाली पंगत बसली, बकरं कापलेलं, रेडिओ चालू, पोरं चुलीभोवती नाचत होती. दिवस कलता कलता खिंडीपलीकडे धूर उठला. आत्या वाढत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि काकांच्या ताटात आणखी एक पळी घातली.

थोड्या वेळानं शंकर धावत आला. अंगावर राख, धाप लागलेली. "आत्या, आवं आमचं रान पेटलंय. गडी द्या."

"जेवून जा," आत्या म्हणाली.

"आवं, बैलं हायती गोठ्यात."

"माजी म्हस बी हुती. तवा तुमचं कोण आलतं?"

"आमाला हाळीच न्हाई आली."

"सदा आलता की तुज्या दारात."

शंकर माझ्याकडे वळला. पंगत थांबली. "सदा, तू आलतास?"

माझा हात रश्शात होता. मी म्हणालो, "आलतो."

वडील उठू लागले. "बस खाली," आत्या म्हणाली, "पंगतीतनं उटू न्हाई." ते बसले. शंकर आल्या वाटेनं पळत गेला. पोरांना खिंडीवरचं ते लाल आभाळ म्हणजे दिवाळीच वाटली. ती टाळ्या पिटत होती, आणि आम्ही जेवत होतो.

गोठ्यातले दोन्ही बैल गेले. दावी सोडवताना शंकरचे दोन्ही तळवे भाजले. त्याची कुस्ती तिथंच संपली.

सकाळी ही बातमी आली तेव्हा आत्या दळत होती. तिनं जातं थांबवलं. "म्हस एक हुती. एक बैल जास्त झाला," म्हणाली, उठली आणि आमच्या दावणीचा बैल सोडून स्वतः खिंडीपलीकडे नेऊन बांधून आली. नानांनी तो संध्याकाळी परत हाकलला. त्यानंतर वाडीत तिला कुणी जमादारीण म्हटलं नाही. मनाची काळी म्हणू लागले. तिच्या हातचं पाणीही कुणी घेईना. ती कुणाला काही बोलली नाही, कारण जास्तीचा बैल अंगावर राहिला, म्हणून हे आपल्याला लागू आहे असंच तिला वाटत होतं.

चार वर्षांनी तिला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. मी तिथंच नोकरीला होतो. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर एका दुपारी मी तिला खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "कुस्तीपायी?" एवढंच विचारलं.

"व्हय."

"आन त्या पोराला मी जेवून जा म्हणले." मग म्हणाली, "सदा, माज्या मातीला यायचं न्हाई."

"वाडीत जाऊन सांगू का सगळ्यास्नी?"

"नगं. तुजी बायकू पोटुशी हाय, तिला तिथं नांदायचंय. माजं काय, माजं नाव गेलंच हाय." मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. पुढे आठवडाभर मी रोज पेज नेत होतो. ती नर्सच्या हातनं प्यायची, माझ्या हातनं नाही.

मी मातीला गेलो नाही. जिनं वाढवलं तिला खांदा द्यायलाही आला नाही, असं भाऊबंद अजून बोलतात, आणि आत्याला मनाची काळी म्हणतात. माझ्याबद्दलचं बोलणं चालू द्या. तिच्याबद्दलचं थांबवा. तिला हाळीचं खोटं मी सांगितलं होतं. ते बैल माझ्यामुळे गेले, शंकरचे हातही.

बायको गेल्या वर्षी गेली, मुलं पुण्यात आहेत. आता कुणाला तिथं नांदायचं नाही. नाना नाहीत, शंकर आहे. त्याचा नातू त्याला हे वाचून दाखवेल. मे महिनाभर मी वाडीतच आहे.