जेवणानंतरची गोळी

मला एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवतानाही मी फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालते आणि घरी फोनवर बोलायचं झालं तरी हाताला फडकं लागतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मला पायाला भिंगरी बांधलेली बाई म्हणतात. त्या मूळच्या बालाघाटकडच्या, मराठीच. राइट टाउनमधल्या चार घरी पोळ्या लाटतात आणि नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या रस्त्यालगत एका वस्तीत सुनेबरोबर राहतात.

आई गेल्यावर तिचं बीपीचं मशीन कपाटात पडून होतं. ते चालतंय का बघायला म्हणून एकदा मी मावशींच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून माझंच धाबं दणाणलं. मावशींना मात्र काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बिमारी कसली, असं त्यांचं म्हणणं. या दुखण्याचा हाच तर लबाडपणा आहे. ते आत बसून आपलं काम करतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागू देत नाही.

डॉक्टरांनी रोज एक गोळी, तीही कायमची, आणि मीठ कमी करायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण त्या रांगेत अख्खी सकाळ जाते आणि चार घरच्या पोळ्या सकाळीच असतात. म्हणून गोळ्या आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि त्याबरोबर मास्तरकीही. रोज विचारायचं, गोळी घेतली का. लोणच्या-पापडावरून बोलायचं. शिवाय एक नियम मी ठणकावून सांगितला होता: गोळी जेवण झाल्यावरच, उपाशीपोटी अजिबात नाही. हे मला कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. आमच्या घरी पोटात अन्न असल्याशिवाय कुणी कसलीच गोळी घेत नाही, तेवढ्या भांडवलावर मी ते ठोकून दिलं होतं.

गेल्या चैत्रात मावशींनी नवरात्राचे नऊ दिवस उपास धरले. घरी टोपल्यांत गव्हाचे जवारे पेरले होते. नवमीला ते डोक्यावर घेऊन, अनवाणी, नर्मदेत शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, जायचं होतं. काम चालूच होतं. आमच्या पोळ्या लाटायच्या आणि स्वतः शेंगदाणे नाही तर उकडलेला बटाटा खायचा, वर भरपूर सैंधव. उपासाचं मीठ ते, त्याने काय होणार, असं त्यांना वाटे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे. अष्टमीला त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. ऊन लागलं, डोकं जड झालं, म्हणाल्या. मी लिंबूपाणी करून दिलं, चांगलं सैंधव घालून. मशीन काढावं असं मनात आलं. पण मापायच्या आधी पाच मिनिटं शांत बसावं लागतं आणि माझी शाळेची वेळ झाली होती. मी स्कूटर काढली.

नवमीला सुट्टी होती. सकाळपासून माझं कशात म्हणून लक्ष लागेना. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो तसाच निवला. शेवटी मशीन पिशवीत टाकलं आणि मावशींच्या घरी जायला ऑटोत बसले.

मावशी न्हाऊन अंगणात बसल्या होत्या. सून जवाऱ्यांच्या टोपल्या सजवत होती. मशीनवर वरचा आकडा दोनशे दहा आला. पाच मिनिटांनी पुन्हा लावलं, ती पाच मिनिटं मी अंगणात फेऱ्या मारत काढली. आकडा हलला नव्हता. गोळ्या मागितल्या, तर नऊ दिवसांच्या नऊही जशाच्या तशा. माझा आवाज चढला. वर्षभर मी डोकेफोड करून राहिले आणि तुम्ही गोळ्या घेतल्याच नाहीत, काहून, असं मी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं विचारलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमीच तर सांगितलं होतं ताई, जेवल्याबिगर नाई घ्याची. नऊ दिवस मी जेवली कुठं?"

फराळाला जेवण कुणी म्हणत नाही, आमच्या घरीही नाही. माझा नियम त्यांनी एक दिवसही मोडला नव्हता. तेवढ्यात सुनेने दिलेला पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हातातून निसटला. उचलायला वाकल्या, तर बोटं वळेनात.

जवारे थांबवायचे नाहीत, ते सुनेनेच न्यायचे, असं कबूल करून घेऊनच त्या इस्पितळात जायला ऑटोत चढल्या. रस्ताभर मिरवणुका, ढोल, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. ऑटो मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी दर दोन मिनिटांनी ऑटोवाल्याला "भैया, जरा जल्दी" म्हणत होते आणि मावशींचा हात चोळत होते. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता.

इस्पितळात तरुण डॉक्टर होते. त्यांनी भराभर तपासलं, डोक्याचा फोटो काढायला लावला, उपचार सुरू केले. वेळेवर आणलं म्हणाले. मग विचारलं, "गोली क्यों बंद की?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "भूल गई थी, साब."

डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच रागावले. मी एवढंच विचारलं, ही गोळी उपाशीपोटी चालते का. चालते की, म्हणाले, खाण्याशी तिचा संबंधच नाही, रोज ठरल्या वेळेला घेतली म्हणजे झालं. मग ते माझ्याकडे वळले आणि शिकली-सवरलेली माणसं आपसात बोलतात तशा आवाजात म्हणाले, या लोकांना कितीही समजावा, ऐकत नाहीत. माझी मान आपोआप डोलली. मावशींनी ते पाहिलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी गप्प राहिले.

हात सुधारायला दोन महिने लागले. आता मावशी आल्या की आधी पाण्याबरोबर गोळी घेतात, मग पाच मिनिटं आम्ही दोघी समोरासमोर बसतो, मग मशीन. ते बसणं मला अजूनही जड जातं. एकदा त्यातच मला राहवलं नाही. चूक माझी होती, त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं, असं मी बोलून टाकलं.

मावशींनी पदराने कपाळ पुसलं, बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला.

"नाई बोलल्या ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर चिडला असता तो. माझ्यावर चिडला तर काय, मले आदत आहे."