ऊसतोडीआधीची दिवाळी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही लातूरहून सकाळीच निघालो. टेम्पोत एका वस्तीवरच्या मुलांना वाटायला नवे कपडे, लाडवांचे डबे आणि दप्तरं होती. आमच्या घरात पदवीधर झालेला मीच पहिला. माझं पहिलं कोरं दप्तर कुणा अनोळखी पाहुण्यानं दिलेलं. म्हणून दप्तरांचा आग्रह माझा.

शिरूर अनंतपाळजवळ टायर बसलं. टेम्पोवाले सलीमभाई म्हणाले, "सर, पोरं काय पळून चाललीत? नाश्ता करा." शेजारच्या हॉटेलात गरम सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) खाल्ली.

उदगीर मागं टाकून मुखेडच्या बाजूला वळलो. सोयाबीन निघालेल्या काळ्या रानांपलीकडे, माळाच्या उतारावर तांडा (बंजारा वस्ती) दिसला. समोर ट्रॅक्टर उभा. पोरं खरंच निघाली होती! मुकादमानं ऊसतोडीची टोळी लवकर बोलावली होती. पहाटे सगळे जाणार.

दप्तरं वाटली. थोड्या वेळानं पाहतो तर त्यांत ताटल्या, तवे, बाळाची दुपटी भरणं चाललेलं.

"माल लई मजबूत हाय, सर," सलीमभाई हसू दाबत म्हणाले.

मी ओशाळलो. सहा महिने शाळेला मुकणाऱ्या मुलांना मी दप्तरं आणली होती.

सातवीतली पूजा मात्र रिकामं दप्तर छातीशी धरून बसलेली. "उसाच्या फडावर भावाला सांभाळाया जायचंय. आजीपाशी ऱ्हाते, शाळा करते म्हणलं, तर बापू न्हाई म्हणतो."

तांड्यानं दिवाळी त्याच संध्याकाळी उरकली. बंजाऱ्यांत दिवाळीला कुमारिका दिवे घेऊन दारोदार जातात आणि थोरांना 'मेरा' (वर्षभराच्या सुखाचा आशीर्वाद) देतात. घेणाऱ्यानं ताटात काही टाकायचं असतं. मुलींनी कुंकू लावून मलाही मेरा दिला. द्यायला आलेला मी, हात जोडून घेत उभा होतो.

पूजा स्वतःच्या दारात थांबली. बापानं नाणं टाकलं. ती हलेना.

"आता काय गं?"

"ट्रॅक्टरवरनं माझं गाठोडं खाली काढ, बापू."

एक म्हातारा ओरडला, "मेरा घेतलास नव्हं? दे की आता!"

"आन् बाळाला कोण बघंल? तिचा मास्तर?" बाप म्हणाला. हशा पिकला.

पूजाची याडी (आई) हसली नाही. "मी पाठीला बांधीन. हिला वाढवलं तसंच."

बाप ट्रॅक्टरवर चढला. ताटल्या, पोती सरकवल्याचा आवाज आला. गाठोडं खाली आलं.

आम्ही निघालो तेव्हा पूजा आजीच्या ओट्यावर दप्तरात पुस्तकं लावत होती.

"पुढच्या साली काय आणायचं, सर?" वाटेत सलीमभाईंनी विचारलं.

"आधी येऊन विचारू त्यांनाच," मी म्हणालो. टेम्पो रिकामा होता. कपाळावर मुलींनी लावलेलं कुंकू लातूर येईपर्यंत मी पुसलं नाही.