अय्युबभाईंचं मीटर

अकोल्यात अय्युबभाईंइतका काटेकोर वायरमन मी पाहिला नाही. बाकीचे मिस्त्री मेन बोर्ड उघडतात, एका फेज वायरीभोवती क्लॅम्प मीटरचा चिमटा लावतात, घरात किती करंट जातोय ते वाचतात आणि चहा पिऊन निघतात. अय्युबभाई त्यानंतर फेज आणि न्यूट्रल, दोन्ही वायरी एकाच चिमट्यात धरायचे. जेवढा करंट आत गेला तेवढाच परत आला, तर मीटरवर शून्य. नाहीतर तो मधेच कुठेतरी गळतोय. "शून्य पाह्यल्याशिवाय मले जेवण जात नाही," म्हणायचे. लोक वैतागत. मीही वैतागायचो.

शेजारचे मोरोपंत भिक्षुकी करत. त्यांच्या पत्नी रमाकाकू अर्धांगवायूनं खाटेवर पडून. त्या मे महिन्यात त्यांचा लोखंडी कूलर झिणझिण्या देऊ लागला. आमच्याकडे त्यासाठी कोणी मिस्त्री बोलावत नाही, चप्पल घालून पाणी भरतात. अडाणीपणा नुसता! पंतांचंही तेच चाललं होतं. मी हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे अय्युबभाई आले.

मीटर शून्यावर येईना. चाळीस मिलिअँपिअर. कूलरचा प्लग काढताच शून्य.

"पंत, पंप अंदरून भिजला. मी नवा घिऊन येतो. तोवर कूलर लावू नोका, जीव जाईन."

ते बाजारात गेले. भर दुपारची वेळ, पत्रे तापलेले. काकूंचा जीव घाबरा झाला, त्यांनी कूलर मागितला. पंतांना ते बघवेना. त्यांनी प्लग लावला. नुकतीच आंघोळ झाली होती, पूजा राहिली होती. सोवळ्यात चप्पल कशी घालणार? तसेच ओलेत्यानं, अनवाणी कूलरमध्ये पाणी ओतायला गेले.

काकूंची किंकाळी ऐकून मी धावलो, मेन स्विच पाडला. उशीर झाला होता. सगळं काकूंच्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्यांना उठता येत नव्हतं.

तेरावं झाल्यावर काकूंनी अय्युबभाईंना बोलावलं.

"मीच म्हटलं त्यायले, लावा म्हणून," काकू म्हणाल्या. "आता कूलर बंद आहे. पुन्हा मोज, अय्युब. खरं सांग."

अय्युबभाईंनी दोन्ही वायरी चिमट्यात धरल्या. बराच वेळ बघत राहिले.

"चाळीसच दाखवून राह्यलं, काकू. कूलरचा दोष नव्हता. भिंतीतली वायर गळून राह्यली, मलेच सापडली नाही. तुमी म्हटलं नसतं तरी हे झालंच असतं."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. मीटरवर शून्य होतं.

काकू त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. गल्लीत मात्र बोभाटा झाला, अय्युबला फॉल्ट सापडला नाही म्हणून पंत गेले. त्यांना कोणी बोलावेना. मी चिडलो, तर म्हणाले, "बोलू द्या लोकायले. काकू हाये अजून."

काकू गेल्या पौषात वारल्या, म्हणून आता लिहितो. त्या माणसानं दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतं.