आधी पूस, मग बोल

आदरणीय वैजयंती तळाशीलकर बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा बाई परळच्या त्यांच्या प्रशिक्षण केंद्राच्या आवारात आमच्या व्हॅनखाली पाठीवर झोपलेल्या होत्या आणि मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभेल का, या शंकेने मी बरेच दिवस अडले होते. पण भेट झाली ती अशीच.

लालबागला राहणारे माझे बाबा अनेक वर्षे शाळेच्या मुलांची ने-आण करत. गाडीचे पहिले धडे मी त्यांच्याकडेच गिरवले. स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्यांनी मला गाडीखाली वाकून बघायला शिकवले. त्यांचे गुडघे थकले आणि किल्ली माझ्याकडे आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गिअरबॉक्समधून तेल ठिबकू लागले. तेल अडवणारी रबरी कडी, म्हणजे ऑइल सील बदलले, पुन्हा बदलले, तरी जमिनीवर डाग पडतच होता. गॅरेजवाले हसून म्हणत, "ताई, जुनी गाडी आहे, घाम येणारच." एका आईने तो डाग पाहून विचारले, "यात मुलांना बसवायचं ना गं?" मला खात्रीने 'हो' म्हणता येईना. मी पालकांना दुसरी सोय बघायला सांगितले आणि गाडी उभी करून ठेवली. ती भंगारात जाणार हे बाबा धरूनच चालले होते. खिडकीत बसून खाली गाडीकडे बघणे त्यांनी सोडून दिले.

बाई या केंद्रात मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतात, हे मला शेजारच्या मुलीने सांगितले. मी बाबांना घेऊन, गाडी सावकाश चालवत तिथे पोहोचले. बाईंना नमस्कार करायच्या आतच त्या गाडीखाली गेल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळा इतिहास सांगायला लागले. खालून आवाज आला, "आधी पूस, मग बोल."

हे वाक्य बाईंच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असेल. बाईंनी माझ्याकडून गिअरबॉक्स धुऊन, पुसून कोरडा करून घेतला. मग पर्समधून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि सगळीकडे पावडर मारली. "आता भोईवाड्यापर्यंत जाऊन ये. तेल जिथून निघेल तिथे पावडर ओली होईल. घाम कुठला आणि गळती कुठली ते तिलाच सांगू दे."

परत आल्यावर पावडरीत एकच ओली रेघ होती, मागच्या सीलपाशी. मला रडूच आले. "बाई, ते तर नवीन आहे!"

"म्हणून तर सीलला दोष देऊ नकोस. त्याला आतून कोण ढकलतंय ते बघूया."

गाडी निवल्यावर त्यांनी गिअरबॉक्सच्या वर हात घालून चाचपले आणि त्या थांबल्या. आत तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून तिथे ब्रीदरचे छोटे तोंड असते. त्यावर काळ्या रंगाचा जाड थर होता. गंज धरू नये म्हणून बाबा दर दसऱ्याला पूजेआधी गाडीचे पोट स्वतः रंगवत. हवेला वाट मिळेना, म्हणून ती तेलाला सीलमधून बाहेर रेटत होती. बाईंनी तार घालून ते तोंड मोकळे केले.

बाबांचा चेहरा उतरला. बाई कुडाळकडच्या आणि बाबाही. त्या हात पुसत मालवणीत म्हणाल्या, "भाऊनू, हौशेन गाडीचा नाकच रंगवलात मां! बाकी तळ बघा, गंजाचो टिपूस नाय. एवढी जपलेली गाडी मी खंय बघूक नाय."

बाबा किती तरी दिवसांनी हसले. "बाई, पुढल्या दसऱ्याक नाक सोडून रंगवतंय."

बाईंची शिस्त मात्र ढिली झाली नाही. तेल भरून गाडी रिकामीच चालवायची, रोज पुसायची, रोज बघायचे. मी रोज खाली पुठ्ठा ठेवत असे आणि तो कोरडा निघाला तरी धास्तावत असे. अखेर बाई एका सकाळी आमच्या चाळीपाशी आल्या. पालक जमले होते. बाईंनी प्रत्येकाला वाकून गाडीचे पोट दाखवले, नेमके काय झाले होते ते सांगितले आणि मग त्या मुलांमध्ये दाटीवाटीने बसून शाळेपर्यंत आल्या. उतरताना मला म्हणाल्या, "पुठ्ठा टाकून दे आता. बघणं सोडू नकोस, घाबरणं सोड." त्या दिवशी मला गाढ झोप लागली. बाबा पुन्हा खिडकीत बसू लागले.

आता रविवारी मी बाईंच्या वर्गाला जाते. हा लेख लिहिते आहे असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "लिही, पण फार रंग फासू नकोस हां. मलाही श्वास घ्यायचाय."

म्हणून इथेच थांबते. बाईंना उदंड आयुष्य लाभो, पाठ आणि डोळे त्यांना असेच साथ देत राहोत, आणि गाड्यांखालून त्यांच्या चपला आम्हाला पुढेही दिसत राहोत.