नव्या डिस्कवरचं कुंकू

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या आदल्या दसऱ्याची ही गोष्ट. मी ती आजवर कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं असतं, "मग तुमी पुढं काय केलं?"

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या कॉलेजच्या ऑफिसात होतो. मूळचा झरीचा, घरी शेती. पुण्याला तीन आठवड्यांचा कोर्स करून आलो होतो, म्हणून कॉलेजातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होता. वासरात लंगडी गाय शहाणी, तसलं माझं शहाणपण. पाहुणे आले की प्राचार्य म्हणायचे, "हे आमचे कॉम्प्युटरवाले." मी मान खाली घालून लाजल्यासारखं हसायचो. तेव्हा लाजायचं नुसतं सोंग होतं.

कॉम्प्युटर जुना होता, दुसऱ्या कुणीतरी वापरून झालेला. त्या पावसाळ्यात त्याच्या आतली डिस्क, म्हणजे माहिती साठवायची पेटी, कायमची बंद पडली. बरीच पत्रं लिहिल्यावर दसऱ्याच्या तोंडावर हैदराबादहून नवी डिस्क पार्सलनं आली. थर्माकोलचा खोका, आत चंदेरी पिशवी, पिशवीत तळहाताएवढी वस्तू. सोबत कागद म्हणून एक चिटोरंही नव्हतं.

मी ती त्याच दिवशी बसवणार होतो. पण हेडक्लार्क म्हणाले, "खंडेनवमी चार दिवसांवर हाय. पूजा झाल्याबिगर नवी वस्तू कशाला सुरू करता?" आमच्याकडं खंडेनवमीला नांगर, कोयता, मोटारसायकल, शिवणयंत्र, जे हाताला काम देतं ते सगळं पूजेला येतं. घरी मीही लहानपणापासून कुळवाला कुंकू लावत आलेलो. मी डिस्क कपाटात ठेवली.

कपाटाची किल्ली टायपिस्ट बाईंकडं असायची. बाई रोजंदारीवर होत्या. पोखर्णीच्या बाजूच्या एका गावाहून एसटीनं यायच्या, एकदाही उशीर नाही. मुलांची नावं, जन्मतारखा, पत्ते हे सगळं कॉम्प्युटरवर त्याच चढवायच्या, आणि जे काही नवं दिसेल ते एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून ठेवायच्या. कोणतं बटण दाबल्यावर काय होतं, कोणती फ्लॉपी कुठं आहे, सगळं. मी त्या वहीची चेष्टा करायचो. म्हणायचो, "बाई, उद्या मी शिंकलो तर तेही लिहून ठेवाल." त्या हसायच्या आणि लिहायच्या. दिवाळीनंतर त्यांना कायमची ऑर्डर द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या घरात पगाराची नोकरी लागणाऱ्या त्या पहिल्याच होत्या, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

दसऱ्याला त्यांनी रजा घेतली. त्यांचे लोक दसऱ्याला नागपूरला जातात, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या वर्षी तर नामांतराच्या वादानं जो तो आपापल्या लोकांतच बोलायचा. बाई गेल्यावर हेडक्लार्क नुसतं म्हणाले, "चला, पूजा आपली आपण करू." मी त्यावर काही बोललो नाही. ऑफिसात माझं न बोलणं तिथूनच सुरू झालं.

खंडेनवमीला टेबलावर टाइपरायटर, सायक्लोस्टाइलचं यंत्र, शिपायाची घंटा, कॉम्प्युटर आणि मधोमध नवी डिस्क. मान माझा. डिस्कची खालची बाजू तारांची, वरची चंदेरी, आणि वर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली. चंदेरीवर कुंकू ठरेना, पांढऱ्यावर छान उठलं. मी अनामिकेनं त्या चिठ्ठीवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळद, अक्षता, झेंडूचं फूल. प्राचार्यांनी नारळ फोडला, सगळ्यांनी डिस्कला हात लावून नमस्कार केला.

मग मी ती बसवायला घेतली. आता हे सांगायला हवं की त्या काळच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क आपोआप कळत नसे. चालू करताना एक निळा पडदा यायचा आणि त्यात डिस्कचे तीन आकडे हातानं भरावे लागायचे. आकडे बरोबर असले तर डिस्क लागते, नाहीतर पडद्यावर चूक दाखवून कॉम्प्युटर तिथंच थांबतो. हे आकडे कुठं असतात? डिस्कवरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. माझ्या कोर्सच्या वहीत लिहिलंही होतं. त्या वहीची मात्र मी चेष्टा केली नव्हती.

मी रुमाल ओला करून कुंकू पुसायला गेलो. कुंकू पसरलं, आणि जोर लावल्यावर खालची शाईही त्यासोबत निघून आली. चिठ्ठी गुलाबी आणि कोरी. मग अंदाजानं आकडे भरत बसलो. दसरा गेला, त्यानंतरचे दोन दिवस गेले. शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे डोकावून जायचे. कॉम्प्युटर दर वेळी तीच चूक दाखवायचा.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. हेडक्लार्क शेजारी उभे. "काय अडचण आहे?"

मी खरं सांगायला हवं होतं. चारच शब्द, माझ्या हातानं आकडे पुसले. कुणी मला फाशी दिली नसती. हसले असते, एवढंच. पण मला ते हसणं नको होतं. मी म्हणालो, "सर, ही नाजूक वस्तू असते. हाताची वीज लागली तरी मरते. पिशवीतून आधी कुणी काढली असेल तर सांगता येत नाही."

हे कोर्समध्ये शिकवलेलं खरंच होतं. आणि पूजेला अख्ख्या ऑफिसनं तिला हात लावला होता, हेही खरंच होतं. पण ते त्या क्षणी कुणाच्या मनात आलं नाही. हेडक्लार्क लगेच म्हणाले, "बाईनं काढली व्हती. मी सोता बघितलंय, कपाटापाशी हातात घिऊन बसल्या व्हत्या."

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

बाई दुसऱ्या दिवशी नागपूरहून आल्या, तशा हेडक्लार्कनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. त्या माझ्या टेबलाशी आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मी पिशवी उघडली व्हती, हे खरं हाय. तुमाला बसवताना लागतील म्हणून वरचे आकडे लिहून घेतले. मी रजेवर जायले व्हते ना. डिस्क लगेच परत ठिवली." त्यांनी ती निळी वही माझ्यासमोर ठेवली. "ह्यात हायेत. डिस्कच गेली आसल तर आता काय उपयोग म्हणा." आणि त्या एसटी स्टँडकडं निघाल्या.

वहीच्या शेवटच्या पानावर गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नवी डिस्क, सरांना लागेल. खाली तीन आकडे.

मी ते भरले. पहिल्या झटक्यात डिस्क लागली.

स्टँड कॉलेजपासून दहा मिनिटांवर. त्यांची गाडी सुटायला अजून अर्धा तास होता. मी हे घड्याळात पाहिलं होतं, म्हणून सांगतो. सायकल बाहेर उभी होती. मी खुर्चीतून उठलो नाही. आता पळत गेलो तर प्राचार्यांना काय सांगायचं, याचा विचार करत बसलो, आणि विचार संपायच्या आत गाडी गेली. नंतर प्राचार्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "बाईंनी घोळ घातला, पण ह्यांनी हार मानली नाही." मी हसलो, मान खाली घालून.

संक्रांतीला नामांतर झालं. कॉलेजच्या कागदावर वरती विद्यापीठाचं नाव असायचं, ते बदलायचा हुकूम आला. ऑफिसात काही तोंडं वाकडी झाली. मी मात्र मुकाट्यानं कॉम्प्युटरवर नवं नाव टाइप केलं आणि आपण बाकीच्यांसारखे नाही, असं स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात बाई आल्या. दुसरीकडं अर्ज करायचा होता, अनुभवाचा दाखला हवा होता. दाखला मीच काढला, नव्या कागदावर. त्यांनी आधी वरची ओळ वाचली, विद्यापीठाच्या नावाची, दोनदा वाचली. मग खालचं. 'काम समाधानकारक' एवढंच हेडक्लार्कनी लिहायला सांगितलं होतं, आणि मी तेवढंच लिहिलं होतं.

कागद घडी करता करता त्यांनी कॉम्प्युटरकडं पाहिलं. "चालू झाला व्हय, सर? माजे आकडे लागले का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "नाही. ती डिस्क गेलीच होती. दुसरी मागवली."

त्यांचा चेहरा उतरला. बहुतेक तोपर्यंत त्यांना वाटत असावं की आपला दोष नव्हता. "म्हंजे माज्यामुळंच गेली," त्या म्हणाल्या. "माफ करा, सर. मी उगं हात लावला."

आणि मी त्यांना माफ केलं. "राहू द्या, बाई," मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."