शनवारची सही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. जिच्यापासून माझं काही म्हणून लपून राहत नाही त्या मेघालाही नाही — आणि मेघा तर तेव्हा माझ्या शेजारी बाकावर बसायची. मग तुम्हालाच का? माहीत नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात, म्हणून असेल.

तशी मी घुमी नाही हो! पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवते, दिवसभर तोंड चालूच. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हसवणारी मी, गॅदरिंगला निवेदन करणारी मी. पण ही एक गोष्ट घशाशी आली की मी पटकन दुसरंच काहीतरी बोलायला लागते — आताही तेच चाललंय, बघा.

तर. मी नववीत होते. आम्ही अष्टमीत राहायचो, बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला. शाळा पुलापलीकडे, रोह्यात. त्या वर्षी आंतरशालेय प्रकल्पस्पर्धा होती आणि सरांनी आमच्या गटाला विषय दिला — युरोपात झालेला ज्यूंचा संहार. पुस्तकात त्यावर जेमतेम चार ओळी. सर म्हणाले, त्या चार ओळींच्या पलीकडे जाऊन या. आणि आम्ही चौघी गेलो, खरंच गेलो. सायबर कॅफेत बसून वाचायचो, फोटो काढून आणायचो. चपलांचे ढीग, चष्म्यांचे ढीग. मेघा एकदा घरी जाऊन जेवलीच नाही. मी वहीत पोरांची नावं उतरवायचे, पुढे वय टाकून. त्यात आमच्याएवढ्या पोरी होत्या. त्या वहीवर मी रडले ते रडणं खोटं नव्हतं. एवढं तरी खरं धरा.

प्रकल्पाला एक मुलाखत जोडायची होती, सहीसकट. आता आमच्या शाळेत मुलाखती कशा व्हायच्या ते सांगायला हवं. आधी कोऱ्या फुलस्केपच्या तळाशी सही घेऊन यायची, मग घरी बसून वरचं लिहायचं. वाहतुकीच्या प्रकल्पाला हवालदारांनी अशीच सही दिली होती, आरोग्याच्या प्रकल्पाला नर्सबाईंनी. एवढा वेळ कोणाला असतो? कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

आमच्या आळीत दिनामावशी राहायची. बेने इस्रायल — म्हणजे आपल्या कोकणातलेच ज्यू. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवलेली माणसं. शनिवार त्यांचा पाळण्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. तिची भावंडं कधीच इस्रायलला गेली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सत्तरीची एकटी बाई, चापूनचोपून नेसलेली सुती साडी, आणि बोलणं अगदी माझ्या आजीसारखं.

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून आम्ही दुपारी तिच्याकडे गेलो. आणि मी थेट विचारलं — अजून आठवलं की कान तापतात — "मावशी, तुमच्यातलं तिकडं कोण मेलं?"

"कोण नाय गो," ती म्हणाली. "आमाला हितं कोणी कधी बोट नाय लावलं."

आणि आम्ही हिरमुसलो. हो, हिरमुसलो! एका बाईचं कोणी मारलं गेलं नाही, म्हणून चार पोरींची तोंडं उतरली. कसल्या हो आम्ही?

तिला ते कळलं असावं. तिनं मग दुसरं सांगितलं. ती सहा-सात वर्षांची असताना मुंबईहून कोणी पाहुणा आला होता. प्रार्थना झाल्यावर त्यानं सगळ्यांना तिकडची हकिगत सांगितली. तिचा बाप घरी आला, पानावर बसला आणि तसाच उठला. पुढचे काही दिवस त्यानं घाणा जुंपलाच नाही. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचं गाव कुठं ते ठाऊक नाही, अशा माणसांसाठी ओट्यावर बसून रडायचा. आई म्हणायची, आपलं कोण होतं तिथं? तर म्हणायचा, सगळी आपलीच.

हे मी लिहून घेतलं नाही. पेन हातात होतं तरी नाही. मला वाटलं, यात काय आहे? एक तेली रडला, झालं.

सही मागितली तर तिनं मान हलवली. "आज शनवार. शनवारी मी कायच लिवत नाय. उद्या ये." रविवारी मी एकटीच गेले आणि कोरा कागद पुढे केला. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. चष्मा पुसला, जिभेचं टोक जरासं बाहेर काढून सावकाश सही केली आणि म्हणाली, "नीट लिव हां, बाय."

मी नीटच लिहिलं. आई शेजारी तांदूळ निवडत होती आणि मी लिहीत होते — दिनामावशीच्या वडिलांची धाकटी बहीण रूथ. लग्न होऊन युरोपात गेलेली. तिला दोन लेकरांसकट मालगाडीत कोंबलं, आणि शेवटचं पत्र इथं रोह्यात आलं. रूथ कोण? कोणी नाही. पत्र कुठलं? कुठलंच नाही. मेघाला सांगितलं, रविवारी मावशीला आठवलं. बिचारीनं विश्वास ठेवला. वर तारीख टाकली ती शनिवारची, वारासकट. गटाची भेट शनिवारी, असं सरांच्या रजिस्टरात होतं ना! लिहिताना मला रडूही आलं. आपण बनवलेल्या बाईसाठी आपल्यालाच रडू येतं, ही एक घाण गोष्ट मला चौदाव्या वर्षी कळली.

पहिला नंबर आला. पेणच्या हॉलमध्ये मी ती मुलाखत वाचून दाखवली, लोकांनी डोळे पुसले. एका साप्ताहिकानं ते पान सहीसकट छापलं.

मग ती दोघं आली. दिनामावशीच्या नात्यातला मुंबईचा एक भाचा आणि त्याची बायको. तिच्या माणसांपैकी तिच्याकडे येणारे-जाणारे एवढेच उरले होते. सणाला तिला गाडीनं मुंबईला न्यायचे, दुखलंखुपलं बघायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं. मावशी पडवीत खुर्चीवर, चहाचे कप भरलेले, भाच्याच्या हातात कात्रण. तो अगदी शांतपणे म्हणाला, मावशींना रूथ नावाची आत्या कधी नव्हती. जी खरीच मेली त्यांची नावं कमी आहेत का, की आम्ही आणखी बनवू? बाळ, हे मावशींनी सांगितलं तुला?

मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वर्गात मुलाला उत्तर येतंय हे ठाऊक असलेली बाई जशी थांबते, तशी थांबली होती.

मी म्हटलं, "हो. त्यांनीच सांगितलं. सही आहे की त्यांची."

तेवढ्यात भाच्याच्या बायकोनं तारखेवर बोट ठेवलं. "आणि ही सही शनवारी केलीत, मावशी?"

इथं मला अजून एक संधी होती. रविवार, एवढाच शब्द. पण रविवार म्हटलं की कोरा कागद आला, कोरा कागद आला की बाकीचं सगळं आलं — शाळा, सर, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहणं. मी खाली बघत राहिले.

"व्हय," दिनामावशी म्हणाली. "केली. म्हातारी झाले, काय बोलते ते मलाच कळत नाय. पोरीला नका विचारू."

जिच्या घराण्याला गाव शनिवारावरून ओळखत होतं, तिनं हे आपल्या माणसांसमोर स्वतःवर घेतलं. ती दोघं उठली. चहाला कोणी हात लावला नव्हता.

बेने इस्रायल लोकांचा एक मोठा उपास असतो. आमच्याकडची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. दिवसभर दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, पाणीसुद्धा नाही, आणि वर्षभरात जे चुकलं ते देवापुढे कबूल करायचं. त्या वर्षी आदल्या दिवशी मावशी पांढरी साडी नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसली होती. गाडी आली नाही. त्यांची काही वेगळी अडचण असेलही, मी कोण सांगणारी? पण उन्हं उतरेपर्यंत ती बसून होती, आणि मी आमच्या खिडकीतून बघत होते. मग पिशवी घेऊन आत गेली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी मी दोनदा त्या दारापर्यंत जाऊन आले. दार बंद आहे, आज वाजवायचं नसतं, असं स्वतःला सांगितलं. बरंच झालं की मला ते बंद असलेलं!

त्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं. दरवर्षी मुंबईहून परतल्यावर देते तशी ती पुऱ्यांची ताटली घेऊन आमच्याकडे आली. माझ्याच हातात दिली. "खा गो," म्हणाली, "वाळलीस किती." मी खाल्ल्या. चार खाल्ल्या. त्या गाडीचं कधी विचारलं नाही, आणि ती गाडी मी परत आमच्या आळीत पाहिलीही नाही.

चार वर्षांपूर्वी मावशी गेली. मेघाचा फोन आला. पेण ते रोहा एसटीनं असं किती लांब? मी गेले नाही. पेपर तपासायचे आहेत म्हणाले, आणि खरंच तपासत बसले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चौदा वर्षांची पोर होती, घाबरली. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच सांगितलं. म्हणूनच पुढचं सांगायला हवं, ते यंदाचं आहे.

यंदा माझ्या नववीच्या वर्गाला मीच हा विषय दिला. ऋतुजा नावाची एक मुलगी आहे, खारपट्ट्यातली, आईवडील मिठागरात. फार चिकाटीची पोरगी, मिळालेली प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी पडताळून बघते. तिला इंटरनेटवर ते जुनं कात्रण सापडलं, कोणीतरी फोटो टाकलाय. त्यात शाळेचं नाव नाही, माझं नाही. दिनामावशीचं आहे. धावत आली. बाई, आपल्या रोह्यातली एक बाई तिथं मेलेली! मी म्हटलं, याला आधार नाही, प्रकल्पातून काढ. पण ती कसली ऐकते? दोन दिवसांनी परत आली. तिनं शोधलं होतं, मारल्या गेलेल्यांच्या नावांत ही रूथ कुठेच नव्हती. वर्गात कोणी नव्हतं. दोघीच होतो. तिनं मला विचारलं, "मग बाई, ही म्हातारी खोटं बोलली का?"

मी एकतीस वर्षांची आहे. समोर एक मूल होतं, तेही माझ्यावर विश्वास ठेवणारं.

मी म्हटलं, "असेल."

तिनं बाकावर वही ठेवली, मावशीचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं — माहिती देणारी व्यक्ती विश्वास ठेवण्याजोगी नाही. शुक्रवारी वह्या तपासायला आल्या. त्या ओळीपुढे मी लाल पेनानं बरोबरची खूण केली.