डान्स फ्लोअर आणि साहेबांचे बूट

मिस लोबो धपकन पडली आणि मी पॉलिश केलेल्या फ्लोअरवर तिच्या सँडलची लांबलचक रेघ उठली. माझं लक्ष आधी रेघेकडे गेलं. खोटं कशाला बोलू?

मी पॉलिश मिस्त्री, राहणारा घोडपदेवचा. गिरगावात समुद्राच्या अंगाला एक नाइटक्लब होता, त्याचा लाकडी डान्स फ्लोअर मी सांभाळायचो. मिस लोबो तिथे नाच शिकवायची. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे क्लबात मिळायचं काय, तर लेमन सोडा आणि सँडविच. लोक यायचे ते नाचायलाच. त्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलेलं. मोर्चे, हरताळ, संचारबंदी, क्लब कित्येक दिवस बंद. रात्री बाहेर पडायची लोकांना अजून धास्ती, म्हणून आता रविवारी सकाळी पहिला डान्स होता. तो फसला तर मालक कायमचं कुलूप लावणार, हे मॅनेजर डिमेलोसाहेबांनी आम्हाला सांगूनच ठेवलं होतं.

म्हणून मी आदल्या दिवशी जीव ओतून मेण चढवलं. एरवी एक हात मारायचो, या वेळी तीन. फ्लोअरमध्ये तोंड दिसत होतं.

"सावंत, हें कितें केलें रे तुवें?" साहेब गोव्याचे, चिडले की कोकणीत शिरायचे. "उद्या सगळे लोक पडतले!"

"साहेब, मी स्वतः चालून बघितलंय. अजिबात घसरत नाही."

घोटा धरून बसलेल्या मिस लोबोने माझ्या पायांकडे बघितलं. "मिस्त्री, तुम इधर नंगा पाँव चलता है?"

अहो, मग? पॉलिशवर चपलेने चढायचं नाही, हे वडिलांनी कान धरून शिकवलेलं. पण अनवाणी पाय लाकडाला धरतो, चामड्याचा तळवा धरत नाही. इतकी वर्षं एका हातावर निभावलं होतं, तीन हातांत अक्कल उघडी पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टर्पेन्टाइनने मेण उतरवलं, वर बारीक काचपेपर फिरवला. आता तपासायचं कसं? साहेबांनी पायातले बूट काढून माझ्यापुढे ठेवले. "घाल."

बूट मोठे. पुढे मराठी पेपर कोंबला, मोर्चाची बातमी अंगठ्याखाली आली. मिस लोबो खुर्चीवरून मोजायला लागली, "वन टू थ्री, वन टू थ्री." साहेब नुसत्या मोज्यांवर उभे आणि मी त्यांच्या बुटांत गरागरा फिरतोय! चाळीत कळलं असतं तर बायकोने थेट गावाला धाडलं असतं. जिथे पाय सटकला तिथे खडूची खूण केली आणि पुन्हा काचपेपर मारला.

रविवारी लोक आले. बँड सुरू झाला. मी खांबाआड उभा राहून फक्त बूट बघत होतो. काय सुरेख फिरत होते हो! कुणी पडलं नाही. साहेबांनी लांबून मान हलवली, तेवढंच.

क्लब पुढे बरीच वर्षं चालला. मग इमारत विकली गेली आणि फ्लोअर उखडायला मलाच बोलावलं. साहेब तोवर गोव्याला गेलेले, मिस लोबोचा पत्ता नाही. फार एकटं वाटलं.

नव्या मिस्त्रींना मी एकच सांगतो, काम डोळ्याने पास करू नका, वापरून बघा. फ्लोअर उखडायला गेलो त्या दिवशीही मी तेच केलं. चामडी बूट घरूनच घालून गेलो होतो. हत्यारं कोपऱ्यात ठेवली, मनात मोजत एक अख्खी फेरी मारली, मग पहिला खिळा उपटला.

फ्लोअर एकदम बरोबर होता. कुठेही पाय सटकला नाही.